काचेतलं बाळ, सलाइनमधलं जेवण आणि यकृत: आईबापांनी रोज काय पाहायचं, काय करायचं

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिल्या आठवड्यात आजी विचारतात, "काय ओ सिस्टर, नुसत्या सलाइनवर लेकरू जगंल का?" तिसऱ्या आठवड्यात वडील मोबाइलवर काहीबाही वाचून येतात आणि म्हणतात, "या सलाइननं लिव्हर खराब होतं म्हणे. बंद करून टाका ना." दोघांचीही काळजी खरी असते. पण दारात उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता येत नाही, आत कुठलातरी मॉनिटर वाजत असतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी सतरा वर्षं सोलापुरात या विभागात सिस्टर आहे. शहरातली बाळं येतात, तशी अक्कलकोट, मोहोळ, सांगोला, करमाळ्याकडून १०८मधून आलेलीही येतात. कुणी ९०० ग्रॅमचं, कुणी सव्वा किलोचं. कुठलं औषध किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार, त्यात मी पडणार नाही. आईबापांच्या हातात जे आहे तेवढंच सांगते, आणि ते थोडंथोडकं नाही.

ती पिशवी नेमकी कशाची?

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर त्याला सहसा जन्मल्या दिवशीच शिरेतून पोषण सुरू करतात. याचं कारण साधं आहे. चरबी, लोह, कॅल्शियम यांचा साठा आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत होतो. हे बाळ तो साठा घेऊन आलेलंच नसतं. आतडं अजून नीट हलत नाही, चोखणं-गिळणं जमत नाही. उपाशी ठेवलं तर ते स्वतःचे स्नायू जाळायला लागतं, आणि मेंदूच्या वाढीचे दिवस वाया जातात.

साध्या सलाइनमध्ये साखर आणि क्षार असतात. शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण, ज्याला आम्ही टीपीएन म्हणतो, त्यात ग्लुकोज, अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनांचे तुकडे, स्निग्ध पदार्थ, सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम, जीवनसत्त्वं आणि जस्त-तांब्यासारखी सूक्ष्म द्रव्यं असतात. बाळाजवळ गेलात की पाहा, एक पिशवी पिवळसर दिसेल आणि शेजारच्या पंपावर दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची सिरिंज असेल. पांढरं आहे ते लिपिड, म्हणजे तेलाचं इमल्शन. ते दूध नव्हे. पिशवीवर आणि नळीवर गडद आवरण असेल तर घाबरू नका. उजेडामुळे त्यातले घटक बिघडतात आणि बाळाला अपायकारक पेरॉक्साइडं तयार होतात, म्हणून ती झाकतात. आवरण नसेल तर का नाही, हे नम्रपणे विचारा.

हे पोषण पहिले काही दिवस नाळेच्या शिरेतून जातं. नंतर हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून आत सरकवलेल्या बारीक पिक लाइनमधून.

शिरेतून दिलेल्या पोषणावर बाळ नुसतं जगतं असं नाही, वाढतंही, हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅन्ली ड्यूड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मग १९७१ साली अशा पोषणावर असलेल्या एका कमी दिवसांच्या बाळाच्या यकृतात पित्त तुंबल्याची नोंद झाली. म्हणजे या उपचाराची ही बाजू डॉक्टरांना पन्नासहून जास्त वर्षं माहीत आहे. कुणी तुमच्यापासून लपवलेली नाही.

यकृतावर ताण का येतो?

यकृत पित्त तयार करतं आणि बारीक नळ्यांतून आतड्यात सोडतं. पोटात दूध पडलं की आतडं संप्रेरकं सोडतं, पित्ताशय आवळतं, पित्त वाहतं. पोटात काहीच पडलं नाही तर हा इशारा मिळत नाही. उजनीच्या कालव्याला आवर्तन सुटलं नाही की चारीत गाळ बसतो आणि गवत माजतं, तसंच काहीसं यकृताच्या आत होतं. त्यातून कमी दिवसांच्या बाळाचं यकृत मुळातच कच्चं, पित्त पुढे ढकलण्याची ताकद अपुरी.

त्यावर बाकीची कारणं येऊन बसतात. नुसत्या सोयाबीन तेलाच्या लिपिडमध्ये फायटोस्टेरॉल नावाचे वनस्पतिजन्य घटक असतात, ते पित्ताच्या वाहण्यात अडथळा आणतात. गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज गेलं तर यकृतात चरबी साठते. तांबं आणि मँगनीज शरीराबाहेर जातात ते पित्तातूनच, त्यामुळे पित्त तुंबलं की तेही साठत जातात. आणि सर्वांत वाईट म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग. एकदा सेप्सिस झाला की चांगलं चाललेलं यकृतही मागे येतं.

हा त्रास सहसा शिरेतलं पोषण दोन आठवड्यांहून जास्त चाललं की दिसू लागतो. वजन जितकं कमी आणि दिवस जितके जास्त, तितका धोका मोठा. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार झाला, किंवा ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा काढावा लागला, तर आणखी मोठा. पण म्हणून टीपीएन काढून टाका म्हणणं म्हणजे ताप येईल म्हणून जेवणच बंद करण्यासारखं. एकदम बंद केलं तर बाळाची साखर घसरते आणि वाढ थांबते. त्याची गरज रोज थोडी कमी करत न्यायची, हा खरा मार्ग आहे. तो आईपासून सुरू होतो.

पहिलं काम: चीक. त्याच दिवशी.

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण यकृतासाठी यापेक्षा मोठं औषध आमच्याकडे नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ठिकाणी काम करत होते. तिथे लहान बाळाचं पोट आठ-आठ, दहा-दहा दिवस रिकामं ठेवायची पद्धत होती. हेतू चांगला होता, आतड्याला इजा होऊ नये हा. पण आम्ही आईला दूध काढायलाही सांगत नव्हतो, "अजून पाजायचं नाहीये" एवढंच सांगायचो. दहाव्या दिवशी दूध मागायला गेलो की आई रडायची. दूध आटलेलं असायचं. पंचविसाव्या दिवशी बाळाचा चेहरा हिरवट पिवळा दिसायचा. त्यातली दोन बाळं मला अजून आठवतात. तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीला मी पहिल्याच दिवशी सांगते की पाजायची परवानगी मिळेपर्यंत थांबू नका, काढायला आत्ता सुरुवात करा.

शक्य असेल तर प्रसूतीनंतर पहिल्या तासातच सुरू करायचं, सिझेरियन असेल तर शुद्धीवर आल्यावर लगेच, सहा तासांच्या आत. हाताने काढायचं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, पुन्हा. पहिल्या दिवशी वाटीभर येत नाही, थेंब येतात. अक्कलकोटकडच्या एका मुलीला पहिल्या वेळी चमच्याच्या खोलगट भागात मधासारखे दाट पिवळे जेमतेम सात-आठ थेंब मिळाले. ती शरमून चमचा लपवायला लागली. मी ते थेंब एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि तिच्या समोर बाळाच्या दोन्ही गालांच्या आत लावले. बाळाने जीभ हलवली. त्या दिवसानंतर तिला कधी आठवण करावी लागली नाही.

चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढायचं, त्यात रात्री एकदा तरी. रात्रीची वेळ चुकवली की आठवड्याभरात दूध कमी होतं. चीक "जड असतो, बाधतो" असं घरात कुणी म्हणालं तर तो वाटीत काढून टाकू देऊ नका. तोच हवा आहे.

आता गणित पाहा. सुरुवातीला वजनाच्या दर किलोला दिवसाला १० ते २० मिली दूध देतात. म्हणजे एक किलोच्या बाळाला दर दोन तासांनी १ मिली, दिवसाचं १२ मिली. यात पोट भरत नाही, पण आतडं जागं होतं आणि पित्त वाहायला लागतं. बाळाला पचत गेलं तर दिवसाला किलोमागे २० ते ३० मिलीने वाढवतात. दर दोन तासांनी १० मिली म्हणजे दिवसाला १२० मिली झालं की त्याच्या आसपास शिरेतलं पोषण बंद करता येतं. पूर्ण दूध म्हणजे किलोमागे साधारण १५० ते १८० मिली. म्हणून रोज डॉक्टरांना एकच आकडा विचारा: "आज दर वेळी किती मिली, आणि काल किती होतं?" तो वाढतोय, तर यकृताच्या दृष्टीने बाळ योग्य वाटेवर आहे. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त गेलं तर डॉक्टर मध्येच थांबवतील. त्यांना घाई करायला लावू नका.

आईचं दूध कमी पडत असेल तर दुग्धपेढीतलं पाश्चराइज केलेलं दूध मिळेल का, हे विचारा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली, आता राज्यात इतरत्रही आहेत.

सोलापूरची दोन अडचणीची कामं वेगळी सांगते. एक, ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मोहोळहून एसटीने येणारी आई पर्समध्ये दुधाची बाटली ठेवून आणते. ते दूध इथे पोहोचेपर्यंत टाकून देण्याच्या लायकीचं झालेलं असतं. बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा डबा वापरा. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ लिहा. काढल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा, दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला. बहुतेक युनिटमध्ये असं दूध ४८ तासांपर्यंत घेतात, तुमच्या युनिटचा नियम विचारून घ्या. दोन, पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरात साठवणीचं पाणी. दूध काढायच्या वाट्या आणि पंपाचे भाग साबणाने धुऊन झाल्यावर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि झाकून वाळवा.

विडी वळणाऱ्या बायकांना माझी हात जोडून विनंती आहे. या दोन-तीन महिन्यांत विडीचं सूप बाजूला ठेवता आलं तर ठेवा. नसेल जमत, तर दूध काढण्याआधी आणि बाळाला छातीशी घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवा आणि साडी बदला. तंबाखूची धूळ कपड्यात राहते.

दुसरं काम: हात

लाइनमधून जंतू आत गेला की यकृताचं नुकसान किती होतं, हे वर लिहिलंच. आत येताना अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा, सगळं काढायचं. बाळंतिणीच्या हातातला हिरवा चुडा काढायला सांगितला की सासूबाईंचा चेहरा पडतो. मला त्याचं दुःख समजतं. पण बांगड्यांखालची कातडी धुतली जात नाही. आम्ही चुडा कागदात गुंडाळून नाव घालून देतो, बाळ घरी जाताना पुन्हा भरा. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी हात धुवायचे, आत येताना एकदा धुतले म्हणून चालत नाही. लाइनच्या जागी लाली, सूज किंवा ओल दिसली, चिकटपट्टी सुटली असेल, तर सिस्टरला लगेच हाक मारा. स्वतः दाबून लावू नका.

पिक लाइन असतानाही बाळाला छातीशी घेऊन कांगारू काळजी देता येते. बाळ स्थिर आहे असं डॉक्टर म्हणाले की तुम्ही स्वतःहून मागा. त्याने दूध वाढतं, संसर्ग कमी होतो. वडिलांनीही घ्यावं.

तिसरं काम: रिपोर्टवरचा दुसरा आकडा

इथे फार गल्लत होते. कमी दिवसांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते, ती निळ्या लाइटखाली उतरते. ती वेगळी. आपण बोलतोय ती पित्त तुंबल्याची कावीळ.

बिलिरुबिन म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य. त्याच्या रिपोर्टवर टोटल म्हणजे एकूण, आणि डायरेक्ट म्हणजे पित्त तुंबलं की वाढणारा भाग, असे दोन आकडे असतात. एका बाळाचं टोटल १० आणि डायरेक्ट ०.५, तर ती नेहमीची कावीळ. दुसऱ्याचं टोटल ५ पण डायरेक्ट ३. घरचे खूश होतात, "दहावरून पाचवर आली." पण यकृताच्या दृष्टीने काळजी दुसऱ्या बाळाची आहे. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर कारण शोधायचं असतं, आणि शिरेतल्या पोषणावरचं बाळ असून २ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या पोषणाचा परिणाम धरून उपचार ठरवतात. या काविळीला निळा लाइट चालत नाही, उलट कातडी तपकिरी-करडी दिसू लागते.

टीपीएन सुरू असेपर्यंत ही तपासणी ठरावीक अंतराने करतात. तारीख आणि डायरेक्टचा आकडा एका वहीत लिहा. दुसऱ्या हॉस्पिटलला जायची वेळ आली तर ते पान फाइलएवढंच कामाला येतं.

चौथं काम: शीचा रंग

लंगोट बदलताना दिवसाच्या उजेडात रंग पाहा. आमच्या ट्यूबलाइटखाली फिका पिवळा आणि मातकट पांढरा यात फरक कळत नाही, हे मी अनुभवाने सांगते. खिडकीपाशी नेऊन पाहावं लागतं. पिवळी, हिरवी, मोहरीसारखी दाणेदार शी ठीक. खडूसारखी, धुतलेल्या मातीसारखी, ताकाच्या चोथ्यासारखी पांढरट शी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तो लंगोट फेकू नका, पिशवीत ठेवा. लघवीचाही रंग पाहा. बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते, कापडावर गडद पिवळा डाग पडत असेल तर सांगा.

एवढी घाई कशाला, तर पांढरी शी नुसत्या टीपीएनमुळे असेलच असं नाही. पित्तनळीच बंद असण्याचा बिलियरी अट्रेझिया हा आजार असतो. त्याचं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर फायदा जास्त. शिरेतलं पोषण चालू होतं म्हणून सगळं त्याच्याच माथी मारत बसलं, की ते दिवस निघून जातात. लघवीचा संसर्ग, थायरॉइड, सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग, गॅलॅक्टोसेमिया म्हणजे दुधातली साखर शरीराला न झेपण्याचा जन्मजात आजार, हेही तपासायचं असतं. "बाकीची कारणं पाहिली का?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका.

डायरेक्ट वाढलाच, तर डॉक्टर काय करतात

दूध आणखी वाढवता येतं का, हे आधी पाहतात. लिपिडची मात्रा कमी करतात किंवा सोयाबीन तेलाऐवजी माशाचं तेल असलेलं मिश्र लिपिड वापरतात. ग्लुकोज जपून देतात, तांबं-मँगनीजवर नजर ठेवतात. स्थिर, मोठ्या बाळात चोवीस तासांऐवजी काही तास बंद ठेवून पोषण देता येतं. पित्त पातळ व्हावं म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडचे थेंब देतात. पित्त आतड्यात पोहोचत नसेल तर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, म्हणून ती वेगळी द्यावी लागतात. यातलं के सर्वांत महत्त्वाचं. ते कमी पडलं तर रक्त गोठत नाही आणि मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. नाळेतून, नाकातून रक्त, अंगावर निळे डाग दिसले तर एक मिनिटही थांबू नका.

मांसाहार न करणाऱ्या घरांतून माशाच्या तेलाबद्दल विचारणा होते. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण निर्णय बाळाच्या यकृताकडे पाहून घ्या.

बहुतेक बाळांचं यकृत पोटातून पूर्ण दूध सुरू झालं आणि टीपीएन सुटलं की सुधारतं. पण लगेच नाही. डायरेक्टचा आकडा उतरायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. ज्यांचं आतडं फार आखूड उरलंय त्यांची लढाई लांबते, त्यांना पुण्या-मुंबईच्या बालयकृततज्ज्ञांकडे लवकर नेलेलं बरं.

खर्चाचं थोडक्यात: सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. खाजगीत असाल तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

घरी गेल्यावर

काविळीची माळ घालणं, नाकात थेंब सोडणं, डाग देणं, सोनं किंवा वेखंड उगाळून चाटवणं, मध, घुटी, यातलं काहीही या बाळाला नको. कच्च्या यकृताला प्रत्येक अनोळखी पदार्थ निस्तरावा लागतो. आईने हळद आणि पिवळं वरण सोडायचंही काही कारण नाही, बाळाच्या काविळीचा त्याच्याशी संबंध नाही. तिने पोटभर जेवावं, शेंगाची चटणी-भाकरीसुद्धा.

डिस्चार्ज कार्डवर शेवटचा डायरेक्ट बिलिरुबिन, टीपीएन किती दिवस चाललं आणि पुढची रक्ततपासणी कधी, हे तीन मुद्दे लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. जीवनसत्त्वांचे थेंब डॉक्टर सांगतील तोपर्यंत द्या, बाळ गुटगुटीत दिसलं म्हणून मनाने बंद करू नका. बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, फार लहान बाळांची त्याहून लवकर. यकृताच्या गडबडीत ही तारीख चुकलेली मी पाहिली आहे.

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही ती वही दाखवा. वजन, रोजचं दूध, शीचा रंग, डायरेक्टचा आकडा. मागच्या महिन्यात सांगोल्याचे एक वडील फेरतपासणीला आले होते. वहीच्या पहिल्या पानावर डायरेक्ट ४.२ लिहिलं होतं, शेवटच्या पानावर ०.८. मधल्या सगळ्या पानांवर तारखेपुढे एकच शब्द होता: पिवळी, पिवळी, पिवळी.